उघडं असलेलं एकच दार : शेनझेनच्या ‘क्रिस्पर बाळां’चं प्रकरण

नवरा एचआयव्हीबाधित, बायकोला संसर्ग नाही. नवऱ्याच्या रक्तातला विषाणू औषधांनी दाबून ठेवलेला. दोघांना मूल हवंय, आणि आपला आजार त्याला लागू नये एवढीच धास्ती आहे.

क्रिस्पर म्हणजे जनुकं हवी तिथे कापून बदलण्याचं तंत्र. चीनच्या शेनझेन शहरातल्या एका शास्त्रज्ञाने ते मानवी भ्रूणांवर वापरलं आणि त्यातून जुळ्या मुली जन्मल्या. 2018 साली जगभर गाजलेल्या या ‘क्रिस्पर बाळां’च्या प्रकरणाकडे मी मुद्दाम या जोडप्याच्या खुर्चीत बसून बघणार आहे. एरवी ते सांगितलं जातं हाँगकाँगच्या सभागृहातून. व्यासपीठावर एकटा चिनी शास्त्रज्ञ, समोर कॅमेऱ्यांचा लखलखाट, खाली संतापलेले सहकारी. ते नाट्य खोटं नाही. पण तिथून सुरुवात केली की सगळा दोष एका माणसाच्या हावेवर टाकून मोकळं होता येतं, आणि त्या नवरा-बायकोला नेमकं काय हवं होतं हा प्रश्न कोपऱ्यात पडून राहतो.

एक बारीकशी अडचण आधीच सांगून टाकतो. या शास्त्रज्ञाचं आडनाव ‘हे’. पूर्ण नाव हे जियानकुई. मराठीत ‘हे म्हणाले’ असं लिहिलं तर कोण म्हणाले ते कुणालाच कळणार नाही, म्हणून पुढे नुसतं जियानकुई. नावाआधीचं ‘डॉक्टर’ही गाळतोय. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाची पीएचडी त्यांच्याकडे होती, स्टॅनफर्डमधला संशोधनाचा अनुभव होता, शेनझेनच्या सदर्न युनिव्हर्सिटी ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजीत प्राध्यापकी होती. रुग्णावर उपचार करण्याचा परवाना मात्र नव्हता. पुढे खटला उभा राहिला तो या परवान्याच्या मुद्द्यावरच.

जोडप्याला काय हवं होतं

वडील बाधित आणि आई निरोगी असेल तर बाळाला संसर्ग होण्याची वाट कुठली? एकच. गर्भधारणेच्या वेळी आईला लागण झाली तर. ती टाळण्याची पद्धत इटलीत 1980 च्या दशकाअखेरीपासून वापरात आहे. वीर्य वेगाने फिरवून त्यातल्या द्रवापासून शुक्रजंतू वेगळे काढतात आणि धुऊन घेतात. विषाणू असतो तो त्या द्रवात आणि त्यातल्या इतर पेशींत. धुतलेले शुक्रजंतू वापरून आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर फलन, केलं की आई सुरक्षित, आणि आई सुरक्षित म्हणजे बाळही.

शेनझेनच्या प्रयोगातही शुक्रजंतू आधी असे धुऊनच घेतले होते. या तपशिलापाशी जरा थांबायला हवं. बाळ विषाणूमुक्त जन्मावं यासाठी जे करायचं ते या पायरीला करून झालं होतं. जनुकांना कात्री लागली ती त्यानंतर. म्हणजे जोडप्याची गरज संपली तिथून प्रयोगाची गरज सुरू झाली.

मग ही माणसं साध्या आयव्हीएफ केंद्रात का गेली नाहीत? कारण चीनच्या तेव्हाच्या नियमांनुसार एचआयव्हीबाधितांना कृत्रिम गर्भधारणेची सेवा मिळत नव्हती. ज्यांना परवडत होतं त्यांना परदेशाचा रस्ता मोकळा होता. बाकीच्यांसमोर बंद दार. अशा वेळी बीजिंगमधल्या एचआयव्हीबाधितांच्या एका मदतगटामार्फत निरोप आला, की एक प्रकल्प आहे, त्यात आयव्हीएफचा खर्च प्रकल्प उचलेल. प्रत्येक जोडप्यामागे सुमारे 2 लाख 80 हजार युआन. आठ जोडपी दाखल झाली. त्यातलं एक नंतर बाहेर पडलं.

थोडक्यात, ही जोडपी जनुक बदललेलं मूल मागायला आलेली नव्हती. मूल मागायला आलेली होती.

संमतीपत्र

संमतीपत्रावर प्रकल्पाचं नाव होतं ‘एड्स लस विकास प्रकल्प’. मला विचाराल तर सबंध प्रकरणातला सर्वांत मोठा खोटेपणा या शब्दयोजनेत आहे, पुढच्या बनावट कागदपत्रांपेक्षाही मोठा. लस म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते दंडावर टोचलेलं इंजेक्शन, जे आधी हजारो लोकांवर तपासून झालेलं आहे आणि ज्याचा परिणाम त्या माणसापुरताच राहतो. इथे बदल होणार होता भ्रूणाच्या जनुकांत. तो शरीराच्या पेशींबरोबर स्त्रीबीजांत किंवा शुक्रजंतूंतही जातो आणि तिथून पुढच्या पिढीत. त्याला लस म्हणणं म्हणजे घराचा पाया उकरताना ‘रंगकाम चालू आहे’ अशी पाटी लावणं.

कात्री भलत्याच जागी चालू शकते ही शक्यता त्या पत्रात नोंदवलेली होती, पण तसं झाल्यास जबाबदारी संशोधकांची नाही असंही सोबत लिहिलेलं होतं. मधेच बाहेर पडणाऱ्याने खर्च परत करायचा, अशीही अट होती. वैद्यकीय संशोधनात सहभागी होणाऱ्याला कुठल्याही क्षणी, कारण न देता, दंड न भरता बाहेर पडता आलं पाहिजे हे तत्त्व दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न्यूरेंबर्ग संहितेपासून चालत आलं आहे. आयव्हीएफ ज्याला मुळातच परवडत नाही त्याला ‘नको असेल तर निघा, फक्त पैसे परत करा’ असं सांगणं म्हणजे दाराला बाहेरून कडी लावण्यासारखंच आहे.

हाँगकाँगच्या परिषदेत संमतीबद्दल विचारलं तेव्हा जियानकुई म्हणाले की त्यांनी स्वतः जोडप्यांशी तासाभराहून जास्त बोलून सगळं समजावलं होतं. प्रयोग यशस्वी व्हावा अशी ज्याची सर्वांत जास्त इच्छा, तोच प्रयोगाचे धोके समजावणार. घराची किंमत विकणाऱ्यालाच विचारावी, तसं. अशा वेळी बाहेरचा, हितसंबंध नसलेला माणूस समोर बसवतात ते याचसाठी.

पण समजा संमतीपत्र निर्दोष असतं, समजावणारा तटस्थ असता, तर? तरीही मला ती संमती पुरती वाटत नाही. निवड करायची तर दोन तरी वाटा लागतात. नुसतं धुतलेल्या शुक्रजंतूंचं आयव्हीएफ आणि जनुकबदलासह आयव्हीएफ, असे दोन पर्याय शेजारीशेजारी ठेवून विचारलं असतं तर किती जोडप्यांनी दुसरा निवडला असता? इथे पहिला पर्याय नियमाने बंद होता आणि दुसरा नियम मोडून उघडलेला. त्या ‘हो’मध्ये मुलाची ओढ किती आणि जनुकबदलाला मान्यता किती, हे त्या नवरा-बायकोलाही वेगळं काढून सांगता आलं नसतं.

भ्रूणांत काय झालं

निवडलेल्या जनुकाचं नाव सीसीआर5. पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर त्याचं प्रथिन असतं आणि एचआयव्हीचे बहुतेक प्रकार त्याला धरून आत शिरतात. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण 1 टक्का माणसं अशी असतात की त्यांच्या या जनुकाच्या दोन्ही प्रतींत 32 अक्षरं (डीएनएच्या साखळीतले दुवे) गळालेली आहेत. त्यांना एचआयव्हीची लागण सहसा होत नाही. याच बदलाच्या दात्याकडून मिळालेल्या मूळपेशींमुळे बर्लिनमध्ये उपचार घेतलेले टिमथी रे ब्राउन एचआयव्हीमुक्त झालेले पहिले रुग्ण ठरले. जनुकाची निवड अगदीच हवेतून केलेली नव्हती, हे मान्य करायला हवं.

मात्र सीसीआर5 बिघडवलं की विषाणूला ‘दरवाजा बंद’, ही उपमा अर्धीच खरी. विषाणूचे काही प्रकार सीसीआर5 ऐवजी सीएक्ससीआर4 नावाचं दुसरं प्रथिन धरतात. त्यांना हा दरवाजा बंद असला काय नि उघडा असला काय. शिवाय हे प्रथिन शरीरात उगाच बसलेलं नाही. ते नसलेल्यांना डासांमार्फत पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूचा आजार जास्त गंभीर होण्याचा धोका असतो. आणि तो 32 अक्षरांचा बदल पूर्व आशियात जवळजवळ आढळतच नाही, त्यामुळे तिथल्या माणसांत, तिथल्या रोगांच्या संगतीत तो कसा वागतो याचा निसर्गाने घेतलेला लांबलचक अनुभवही हाताशी नाही.

इथे टीकाकारांच्याही एका घाईची नोंद करतो. जून 2019 मध्ये एका शोधनिबंधाने दावा केला, की हा बदल दोन्ही प्रतींत असणाऱ्यांचा अकाली मृत्यूचा धोका 21 टक्क्यांनी जास्त आहे. आकडा जगभर फिरला. काही महिन्यांत चूक सापडली आणि लेखकांनी निबंध मागे घेतला. जियानकुईंविरुद्ध हाताशी आलेला तो पुरावा इतका सोयीचा होता की तो तपासावा असं फारसं कुणाला वाटलंच नाही.

आता प्रत्यक्ष मुलींकडे. त्यांची टोपणनावं लुलू आणि नाना. वृत्तसंस्थांना दिलेल्या माहितीनुसार 22 पैकी 16 भ्रूणांत बदल झाला, आणि जुळ्यांचा गर्भ राहण्याआधी सहा प्रयत्नांत 11 भ्रूण वापरले गेले. जियानकुईंनी दाखवलेल्या तक्त्यांनुसार नानाच्या दोन्ही प्रतींत बदल होता: एकीत 1 अक्षर वाढलेलं, दुसरीत 4 गळालेली. लुलूच्या एका प्रतीत 15 अक्षरं गळालेली, दुसरी प्रत जशीच्या तशी.

यातला एकही बदल तो प्रसिद्ध 32 अक्षरांचा नाही. हे तीन बदल माणसाच्या शरीरात काय करतात हे आधी प्राण्यांतही तपासलेलं नव्हतं. आणि लुलूची एक प्रत शाबूत असल्यामुळे तिच्या पेशींवर ते प्रथिन असणारच. म्हणजे संरक्षण नाही, धोका मात्र आहे. हे भ्रूण गर्भाशयात ठेवण्याआधीच ठाऊक होतं. जोडप्याला सांगितलं होतं आणि त्यांनी दोन्ही भ्रूण ठेवायला होकार दिला, असं जियानकुईंचं म्हणणं. दिलाही असेल. इतक्या वर्षांनी हाताशी आलेले भ्रूण, त्यातला एक ‘अर्धवट’ म्हणून टाकून द्या असं कोणत्या आईबापाला म्हणवेल? पण संशोधकाने तो भ्रूण पुढे केला यातून एक गोष्ट उघडी पडते. मुलीला एचआयव्हीपासून वाचवणं हा हेतू असता तर लुलूचा भ्रूण वापरण्यात काहीच अर्थ नव्हता. बदललेला भ्रूण जन्मापर्यंत जातो का हे पाहायचं असेल तर मात्र होता.

शिवाय प्रत्येक पेशीत एकच बदल आहे की काही पेशी बदललेल्या आणि काही तशाच, हेही ठामपणे सांगता येत नाही. भ्रूणातून तपासणीसाठी काढतात त्या मोजक्या पेशी, आणि ज्या काढल्या त्या बाळाच्या शरीराचा भाग होतच नाहीत.

हाँगकाँग, आणि त्याआधीचं मौन

बातमी फुटली 25 नोव्हेंबर 2018 ला. तीन दिवसांनी हाँगकाँगमध्ये मानवी जनुकसंपादनावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जियानकुई बोलायला उभे राहिले. या प्रयोगाबद्दल अभिमान वाटतो, असं ते म्हणाले. परिषदेचे अध्यक्ष, नोबेलविजेते डेव्हिड बाल्टिमोर यांनी याला वैज्ञानिक समाजाच्या आत्मनियमनाचं अपयश म्हटलं.

शब्द जपून वापरलेले होते, कारण हा प्रयोग अंधाऱ्या तळघरात झालेला नव्हता. जियानकुईंचे पीएचडीचे मार्गदर्शक मायकल डीम यांचा सहभाग होता. अमेरिकेतल्या काही नामवंतांना बेत आधीपासून ठाऊक होता. स्टॅनफर्डच्या दोघांनी परावृत्त करण्याचा प्रयत्न केल्याचं नंतर सांगितलं. नोबेलविजेते क्रेग मेलो यांना गर्भ राहिल्याची वर्दी एप्रिलमध्येच ईमेलने मिळाली होती. त्यांनी नापसंती कळवली आणि यातून आपल्याला बाहेर ठेवा असं सुचवलं. मोठ्याने कुणीच बोललं नाही. का, याचं एक उत्तर असं, की अशी गोष्ट कळली तर कुठे कळवायची याची ठरलेली जागाच नव्हती. दुसरं उत्तर कमी कौतुकाचं आहे. आपल्या क्षेत्रातला पहिलेपणाचा क्षण जवळून पाहायला मिळतोय हे मोहाचं असतं.

याच आठवड्यात जियानकुई आणि सहकाऱ्यांचा एक लेख ‘द क्रिस्पर जर्नल’मध्ये आला होता. विषय काय, तर या तंत्राची पाच नैतिक तत्त्वं. गरजू कुटुंबांविषयी करुणा, केवळ गंभीर आजारासाठीच वापर, मुलाच्या स्वायत्ततेचा आदर, माणूस म्हणजे त्याची जनुकं नव्हेत, आणि आनुवंशिक आजारापासून मुक्तीचा सर्वांना हक्क. तत्त्वं वाईट नाहीत. किंबहुना त्याच पाच तत्त्वांच्या कसाला लावलं तर हा प्रयोग पहिल्या चारांत नापास होतो आणि पाचवं त्याला लागूच होत नाही, कारण एचआयव्ही हा आनुवंशिक आजार नाही. नंतर तो लेख मासिकाने मागे घेतला.

निकाल

विद्यापीठाने जानेवारी 2019 मध्ये त्यांना काढून टाकलं. 30 डिसेंबर 2019 ला शेनझेनच्या नानशान जिल्हा न्यायालयाने तीन वर्षं कैद आणि 30 लाख युआन दंड सुनावला. दोन सहकाऱ्यांनाही शिक्षा झाली, त्यातल्या एकाची स्थगित. गुन्हा: बेकायदा वैद्यकीय व्यवसाय. नीतिसमितीची मंजुरी बनावट होती, आणि एचआयव्हीबाधितांना आयव्हीएफची बंदी चुकवण्यासाठी रक्ततपासणीला दुसऱ्याच माणसांना उभं केलं होतं, हेही समोर आलं. तिसरं एक मूल जन्मल्याची पुष्टी याच निकालातून झाली. एप्रिल 2022 च्या सुमारास जियानकुई सुटले.

पुढे चीनने फौजदारी कायद्यात दुरुस्ती केली. 1 मार्च 2021 पासून जनुक बदललेला मानवी भ्रूण गर्भाशयात ठेवणं हाच स्वतंत्र गुन्हा झाला. त्याआधी होती ती 2003 ची मार्गदर्शक तत्त्वं. मनाई होती, पण ती मोडली तर तुरुंग नव्हता. म्हणूनच सरकारी वकिलांना परवान्याच्या कलमाचा आधार घ्यावा लागला होता.

निकाल योग्यच वाटतो. पण बनावट मंजुरी, बदललेलं रक्त, परवाना हे सगळं मुद्दाम बाजूला ठेवून बघा. समजा हे सारं कायदेशीर असतं. मग प्रकरणात खटकण्यासारखं काही उरतं का? मला वाटतं, खरं तर तिथूनच ते सुरू होतं.

दोष रक्तात शोधण्याची सवय

व्यासपीठावर जियानकुईंनी समर्थनासाठी एक उदाहरण दिलं. आपण अशा एका ‘एड्स गावा’ची स्थिती पाहिली आहे, जिथे 30 टक्के लोक बाधित आहेत आणि संसर्ग टाळण्यासाठी मुलांना मावशी-काकांकडे वाढायला पाठवावं लागतं, असं ते म्हणाले. ऐकणाऱ्याचा गळा दाटून यावा असंच हे आहे. पण त्यातलं कारण आणि परिणाम सुटे करून पाहिले की युक्तिवाद हातातून निसटतो.

चीनमधली ‘एड्स गावं’ म्हटलं की पहिलं नाव येतं हनान प्रांताचं. 1990 च्या दशकात तिथे गरीब शेतकरी पैशांसाठी रक्तद्रव विकत. गोळा करणारी केंद्रं अनेकांचं रक्त एकत्र करून त्यातला द्रव काढून घेत आणि उरलेल्या लाल पेशी पुन्हा विकणाऱ्यांच्याच अंगात सोडत. एकाचा विषाणू साऱ्यांच्या अंगात. गाओ याओजी या वृद्ध डॉक्टरीणबाईंनी हे उघड केलं, तेव्हा स्थानिक अधिकाऱ्यांनी आधी त्यांचंच तोंड बंद करायचा प्रयत्न केला. म्हणजे साथ पसरली ती रक्ताच्या बेपर्वा व्यापारामुळे आणि टिकली लपवाछपवीमुळे. मुलांना दूर ठेवण्याबद्दल बोलायचं, तर एचआयव्ही एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने पसरत नाही. त्या मुलांना घराबाहेर काढलं ते विषाणूने नाही, भीतीने.

यावर इलाज काय? औषधं, माहिती, भेदभावाविरुद्ध कायदा, बाधितांना इतरांसारखाच दवाखाना. जियानकुईंचा इलाज होता पुढच्या पिढीचं सीसीआर5. समाज बाधितांच्या मुलांकडे वाकड्या नजरेने बघतो ना, मग मुलंच अशी घडवू की नजर वळायचं कारण उरणार नाही.

सुप्रजननाच्या, म्हणजे ‘चांगल्या’ मानलेल्या माणसांनीच मुलं जन्माला घालावीत या विचाराच्या, इतिहासात ही चाल जुनी आहे. 1883 साली फ्रान्सिस गाल्टन यांनी त्या विचाराला ‘युजेनिक्स’ हे इंग्रजी नाव दिलं. मराठीतला ‘सुप्रजनन’ किती सोज्वळ वाटतो! चिनीतला ‘योउशंग’ही तसाच, अर्थ ‘उत्तम जन्म’. वाईट जन्मावं असं कुणाला वाटेल? शब्दच असा की विरोध करणारा वेडा ठरावा.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 साली व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी कायदेशीर ठरवली. तिला ‘मंदबुद्धी’ ठरवलं होतं आणि पुरावा होता लग्नाआधीचं मूल. ती गरोदर राहिली होती बलात्कारातून, आणि बलात्कार करणारा तिला सांभाळणाऱ्या कुटुंबाचा नातलग होता. घरातलं पाप झाकायला तिला संस्थेत टाकलं आणि कारण शोधलं तिच्या रक्तात. तिची ती मुलगी पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली. अमेरिकेत अशा नसबंद्या 60 हजारांहून जास्त झाल्या, आणि 1933 च्या जर्मन कायद्याखाली सुमारे 4 लाख.

चीनमध्ये 1995 साली लागू झालेल्या माता-बाल आरोग्य कायद्यात, काही गंभीर आनुवंशिक आजार असलेल्यांनी दीर्घकालीन गर्भनिरोधन किंवा नसबंदी मान्य केली तरच लग्न करावं, अशी तरतूद होती. जियानकुईंना हा कायदा अभिप्रेत होता असं मी म्हणत नाही. पण कुणी मुलं जन्माला घालावीत हे ठरवणं सरकारचं काम आहे, असं मानणाऱ्या व्यवस्थेतच एचआयव्हीबाधितांना आयव्हीएफ बंद होतं. ते दार त्या जुन्या सुप्रजननाने लावलेलं. आणि शेजारचं, जनुकबदलाचं दार उघडलं ते नव्याने.

नव्या सुप्रजननाचे समर्थक म्हणतात, आता सक्ती कुठे आहे? सरकार नाही, पोलीस नाही. आईवडील स्वतः निवडतात. हा युक्तिवाद मी हलका धरत नाही. जैवनीतीवर विचार करणाऱ्या ब्रिटनच्या नफील्ड कौन्सिलने 2018 च्याच जुलैमध्ये म्हटलं होतं, की जन्मणाऱ्याचं हित जपलं जात असेल आणि समाजातली विषमता, भेदभाव वाढणार नसेल तर असा बदल तत्त्वतः नीतीला धरून असू शकतो. हार्वर्डचे जनुकशास्त्रज्ञ जॉर्ज चर्च यांनी तर बातमी फुटल्यावरही एचआयव्हीविरुद्ध असा प्रयत्न समर्थनीय असल्याचं सांगितलं. पण ‘आईवडील निवडतात’ या वाक्याची कसोटी शेनझेनलाच लागते. इथे कुणी हात पिरगाळला नव्हता. फक्त एक सोडून सगळी दारं बंद होती, आणि उघड्या दारात उभा असलेला माणूस हसून ‘या’ म्हणत होता. मोफत.

आज काही देशांत आयव्हीएफच्या भ्रूणांना शेकडो जनुकांवरून गुण देऊन क्रम लावण्याची सेवा विकली जाते. उद्या विमा, शाळा, शेजारपाजार यांनी ‘तुम्ही तपासून घेतलं नव्हतं का?’ असं विचारायला सुरुवात केली, की कायद्याची गरजच पडणार नाही. बहिरं मूल, डाऊन सिंड्रोम असलेलं मूल सांभाळणाऱ्या आईवडिलांना हा प्रश्न आजही ऐकावा लागतो.

आजार झालेल्या माणसाच्या स्वतःच्या पेशींत बदल करणं वेगळं. सिकलसेलवर क्रिस्परने केलेल्या उपचाराला 2023 साली ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. तिथे दुखणारं शरीर समोर आहे, ते स्वतः ‘करा’ म्हणतंय, आणि बदल त्याच्याबरोबरच संपतो. महागाईचा भयंकर प्रश्न तिथेही आहेच. पण तो प्रश्न औषधाचा आहे, कुणी जन्मावं याचा नाही.

मुली

प्रयोगात सहभागी झालेल्याला कधीही बाहेर पडता यायला हवं हे वर म्हटलं. लुलू, नाना आणि ते तिसरं मूल यांना स्वतःच्या शरीरातून बाहेर पडता येणार नाही. त्यांचं काय करायचं यावर फेब्रुवारी 2022 मध्ये चिऊ रेनझोंग आणि लेइ रुइपेंग या चिनी नीतिशास्त्रज्ञांनी प्रस्ताव मांडला: या मुलांसाठी खास व्यवस्था असावी, त्यांच्या जनुकांची वेळोवेळी तपासणी व्हावी, आरोग्यावर लक्ष राहावं. हेतू संरक्षणाचा. आक्षेप लगेच आला. आयुष्यभर सुई, आयुष्यभर नोंदवही, म्हणजे मुलं पुन्हा प्रयोगशाळेतच. दोन्ही बाजू मला पटतात आणि त्यातून वाट काढता येत नाही. न तपासावं तर काही बिघडलं असल्यास वेळेवर कळणार नाही. तपासावं तर बिघाड नसतानाही ती रुग्ण म्हणूनच वाढतील.

मुलं निरोगी आहेत आणि कुटुंबांना शांत, साधं आयुष्य हवंय, असं जियानकुईंनी 2023 मध्ये मुलाखतीत सांगितलं. वडील आपला आजार मुलांपासून किती काळ लपवतील आणि त्याबरोबर बाकीचं किती लपेल, हे आता त्या घरांच्या आत ठरणार. पण लपवून चालणार नाही असा दिवस येईल की नाही, हे जनुकं ठरवतील. नानाचं स्त्रीबीज बदललेल्या पेशींतून घडलेलं असेल तर तिच्या मुलाला ते वाढलेलं 1 अक्षर किंवा ती गळालेली 4 अक्षरं, दोहोंपैकी एक मिळणारच. लुलूच्या मुलाला 15 अक्षरांची ती फट मिळण्याची शक्यता निम्मी. मूल हवं असं त्यांना वाटेल तेव्हा हे कुणीतरी समोर बसून त्यांना सांगावं लागेल, आणि या वेळी ते सांगणारा माणूस प्रयोग करणारा नसावा.